अडकलेला कागद ओढण्याआधी

रत्नागिरी जिल्ह्यात माझं झेरॉक्स आणि प्रिंटचं छोटं दुकान आहे. जुलै महिना होता. बाहेर पावसाची झड आणि दुकानात कॉलेज प्रवेशासाठी आलेली मुलं नि त्यांचे पालक. नेमका तेव्हाच लेझर प्रिंटरमध्ये कागद अडकला. मागच्या बाजूने एक कोपरा दिसत होता, तो मी हिसका देऊन ओढला. कागद फाटला. आत राहिलेला तुकडा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने खरवडून काढला. मशीन सुरू झालं, रांग पुढे सरकली.

संध्याकाळी एक बाई परत आल्या. त्यांच्या मुलीच्या हमीपत्रावर एका उभ्या पट्ट्यातली अक्षरं बोट फिरवलं की निघून येत होती. त्यांनी काही बोलून दाखवलं नाही, पण ओले कागद पदराखाली धरून त्या तेवढ्यासाठी पुन्हा आल्या होत्या. मला ते अजून लागतं.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिककाकांनी मशीन उघडलं आणि विचारलं, "कागद कुठून ओढलास?" फ्यूजरवरचं टेफ्लॉन चिरलं होतं. टोनर म्हणजे शाई नव्हे, बारीक पूड असते. फ्यूजर 200 अंशांच्या आसपास तापतो आणि उष्णतेने नि दाबाने ती पूड कागदावर वितळवून बसवतो. टेफ्लॉन फाटलं, तिथे पूड नुसती पडून राहिली.

मूळ दोष मशीनचा नव्हताच. रिम तीन दिवस उघडी पडली होती. सर्द कागद एकमेकांना चिकटतात, गरम झाले की वळतात आणि अडकतात. आता मी लागतील तेवढीच पानं ट्रेमध्ये ठेवतो, बाकीची रिम झाकणाच्या डब्यात. कागद नवा असूनही उचलला जात नसेल, तर पिकअप रोलर किंचित ओल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावा. त्याचं रबर धुळीने गुळगुळीत होतं.

काकांनी त्या दिवशी एक परीक्षा शिकवली, ती मला सगळ्यात मोलाची वाटते. प्रिंट खराब येत असेल तर पान अर्धं आत असतानाच झाकण उघडायचं, कार्ट्रिज बाहेर काढायचं आणि फ्यूजरपर्यंत न पोचलेला भाग बघायचा. तिथेच अक्षरं फिकी असतील तर दोष कार्ट्रिजच्या बाजूला. तिथे ठसठशीत आणि बाहेर आल्यावर पुसली जात असतील तर फ्यूजर. एकच डाग पानावर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल तर एखादा रोलर किंवा ड्रम खराब आहे. लहान मशीनमध्ये हे अंतर साडेसात सेंटीमीटरच्या आसपास भरलं तर बहुधा ड्रमच. बाहेर काढलेलं कार्ट्रिज जाड कापडाखाली ठेवा, उजेडाने त्यातला ड्रम खराब होतो.

घरी इंक टँकचा प्रिंटर असेल तर तो भिंतीवरच्या बटणाने बंद करू नका. त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला तरच हेड जागेवर जाऊन झाकलं जातं, नाहीतर शाई वाळते. रंग तुटक आले म्हणून हेड क्लीनिंगही लागोपाठ करू नका. प्रत्येक वेळी शाई वाया जाते आणि वाया गेलेली शाई शोषणारा आतला पॅड भरत जातो. दोन-तीनदा करून फरक पडला नाही तर काही तास थांबा, मग नोझल चेक काढून बघा.

आणि कागद फ्यूजरजवळ अडकला, तर मशीन बंद करा, निवू द्या. कागद ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने दोन्ही हातांनी सावकाश ओढा. फाटलाच तर तुकडे जुळवून पान पुरं होतंय का ते बघा. दारात रांग असेल तर तिला सरळ सांगा, "अर्धा तास लागेल." माणसं थांबतात.