मोठा कटला काठाशीच असतो

दिवाळीनंतर मनोरकडच्या तळ्यावर गळ टाकायला जाणार आहेस आणि त्यासाठी बारा फुटी काठी नि लांब फेकीचं रीळ घेतलंस, असं तुझी आई सांगत होती. काठी छान आहे, राहू दे. पण लांब फेक तुला तिथे लागायची नाही. एकराच्या आतलं पाणी आहे ते. तिथला मोठा कटला मधोमध कमी आणि काठाजवळ जास्त फिरतो. लोक पावलं वाजवत, मोठमोठ्याने बोलत पाण्याशी जातात, त्याला काठापासून हुसकावतात आणि मग तळ्याच्या मध्यात गळ भिरकावून दिवसभर बसतात. तू तसं करू नकोस.

तो मासा तिथे आला कसा, ते आधी समजून घे. कटला, रोहू, मृगळ हे तिघेही नदीचे मासे. त्यांना अंडी घालायला पावसाळ्यातलं वाहतं, चढतं पाणी लागतं. साठलेल्या तळ्यात ते आपणहून अंडी घालत नाहीत. 1957 साली कटकला हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालून घेतली, तेव्हा कुठे गावोगावच्या तळ्यांना खात्रीचं बीज मिळायला लागलं. म्हणून 10 जुलै हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. आपल्याकडे पावसाने तळी भरली की मालक बोटुकली आणून सोडतो, आणि पाणी उतरलं की जाळं ओढून मासा काढतो. त्या जाळ्यातून जे निसटतात तेच पुढच्या वर्षी मोठे होतात. रोहू जाळ्यावरून उडी मारतो, मृगळ चिखलात तोंड खुपसून जाळं अंगावरून जाऊ देतो. म्हणजे तुला ज्याची आस आहे तो चार-पाच किलोचा मासा माणसाला चांगला ओळखून आहे. बीज सोडल्यावर वर्षभरात किलोभर होणारे कटले कुणालाही मिळतात. ते भुकेलेले असतात आणि घोळक्याने येतात. मोठा मिळवायचा तर त्याला आपली चाहूल लागता कामा नये. मी पुढे जे सांगतो आहे ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

पाऊल हलकं टाक. या कुळातल्या माशांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांचं ऐकणं बाकीच्या पुष्कळ माशांपेक्षा तिखट असतं. बांधाच्या कडक मातीवर टाच आपटली की ती पाण्यात पोचते. बादली आपटू नकोस, खुर्ची ओढू नकोस, मोबाइलवर गाणी नकोत. तीच गोष्ट दिसण्याची. पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचं सगळं जग साधारण 97 अंशांच्या गोल खिडकीत एकवटून दिसतं. तू काठावर ताठ उभा राहिलास की त्या खिडकीत येतोस. दोन पावलं मागे सरकून खाली बसलास की जवळजवळ नाहीसा होतोस. पांढरा शर्ट घरी ठेव. सूर्य पाठीशी असेल तर तुझी सावली पाण्यावर पडत नाही ना, तेवढं बघ.

तळ्यावर पोचलास की अर्धा तास काठी उघडूच नकोस. तरुण पोरांना हेच जमत नाही, आणि मला हे सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. सावकाश एक फेरी मार आणि पाण्याकडे बघ. तळातून बारीक बुडबुड्यांची माळ वर येऊन पुढे पुढे सरकत असेल, तर खाली मृगळ किंवा सायप्रिनस चिखल उकरतोय. काठाचं गवत वारा नसताना हललं तर गवत्या आहे. त्याला पेंडबिंड काही नको, गळात कोवळ्या हरळीची दोन-तीन पाती ओवून पाण्यावर सोड. आणि पृष्ठभागाखाली रुंद पाठ वळून पाण्यावर नुसता एक गोल वळसा उमटला, शिंतोडे उडाले नाहीत, तर तो कटला. त्याची वाट लक्षात ठेव. मोठा मासा लहान तळ्यात ठरलेल्या वाटेने फेरी घालतो आणि थोड्या वेळाने त्याच ठिकाणी परत दिसतो.

तुझा तो मित्र हिमाचलला तीर्थन नदीवर ट्राउट पकडायला गेला होता, त्याचे व्हिडिओ तू मला दाखवलेस. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेल्या माशीने ते मासा पकडतात. निलगिरीत अव्हलांचीलाही इंग्रजांच्या काळापासून ट्राउटची पैदास होते. आपल्याकडे ट्राउट जगणार नाही. त्याला विशीच्या आतलं थंडगार पाणी लागतं आणि आपली तळी मे महिन्यात तिशी ओलांडतात. पण सोडलेल्या माशांच्या छोट्या तळ्यात मोठा ट्राउट धरणारी माणसं एक गोष्ट करतात ती घेण्यासारखी आहे. ती माशाच्या मागे गळ धावडवत नाहीत. तो कुठून कुठे फिरतो ते बघून त्याच्या वाटेवर आधीच अलगद गळ ठेवतात आणि स्तब्ध बसतात. माशाच्या डोक्यावर काहीही पडलं तरी तो पळतो. वाटेत आधीच पडलेलं दिसलं तर थांबतो.

जागा वाऱ्यावरून ठरव. आपल्याकडे दुपार चढली की खारे वारे सुटतात. पश्चिमेकडून आलेला तो वारा तळ्याचं वरचं पाणी आणि त्यातलं प्लवंग पूर्वेच्या काठाला लोटतो. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं आणि तो हे प्लवंगच गाळून खातो, म्हणून खाणं जमतं तिथे तो येतो. दुपारनंतर पूर्वेच्या बांधावर वारा तोंडावर घेऊन बस. बाकीचे सगळे समोर वाऱ्याला पाठ देऊन बसलेले दिसतील, कारण तिथून फेक लांब जाते. त्यांना बसू दे. पहाटेच्या मतलई वाऱ्यात एवढा जोर नसतो, तेव्हा सकाळी वाऱ्यापेक्षा ऊन कुठे आधी पडतं ते बघ. थंडीत तिथलं पाणी लवकर उबदार होतं आणि मासे तिथे सरकतात.

एक खूण मात्र ओळखायला शीक. ढगाळ, कोंदट रात्रीनंतर पहाटे मासे पृष्ठभागावर तोंडं काढून उघडमीट करताना दिसतात. नवखा माणूस खूश होतो, की काय मासा उठलाय! ते खायला आलेले नसतात, त्यांचा श्वास कोंडलेला असतो. रात्रभर शेवाळ आणि मासे दोघांनीही प्राणवायू वापरलेला असतो आणि सूर्य उगवायच्या आधी तो सगळ्यांत कमी असतो. अशा वेळी गळ टाकायचा नाही. धावत जाऊन मालकाला उठव, पंप लावून पाणी उडवायला सांग. त्याचं वर्षाचं पीक त्या तासाभरात जाऊ शकतं. पाणी फार हिरवं वाटलं तर हात कोपरापर्यंत बुडवून बघ. तळवा मनगटाशीच दिसेनासा झाला तर शेवाळ जास्त झालंय, आणि तिथे मासा पोटभर खाऊन सुस्त असतो.

आता आमिष. दुकानातल्या रंगीत, वासाच्या पुड्या आणू नकोस. शेंगदाण्याची पेंड फोडून चाळून घे, तितकाच तांदळाचा बारीक कोंडा, आणि चिकटपणासाठी मंद आचेवर भाजलेली मूठभर कणीक. पाणी शिंपडत शिंपडत मळ, एकदम ओतू नकोस. लिंबाएवढा गोळा कर आणि बादलीभर पाण्यात सोडून बघ. कटल्यासाठी तो पाण्यात शिरताक्षणी त्याच्याभोवती धूर सुटल्यासारखा ढग झाला पाहिजे, पण गाभा दोन-तीन मिनिटं गळावर टिकला पाहिजे. आपटून फुटला तर कणीक वाढव. दगडासारखा राहिला तर कोंडा वाढव. मृगळासाठी जरा घट्ट चालतो, कारण तो तळाशी पोचायला हवा. पीठ रात्रभर झाकून थोडं आंबू दिलं तर कटला त्याला जास्त येतो. खाद्य तळ्यात किलोकिलोने ओतायचं नाही. लहान पाण्यात त्याने मासा जेवून निघून जातो आणि उरलेलं कुजून पाणी बिघडतं. मुठीएवढे दोन गोळे तुझ्या जागेवर टाक, मग तासाभराने एक. बस्स.

आणि मोहाची पेंड चुकूनही वापरू नकोस. आपल्या भागात मोह पुष्कळ, तेल काढल्यावर उरलेली पेंडही मिळते. पण तिच्यात माशांना विषारी द्रव्य असतं. बीज सोडण्याआधी नको असलेले मासे मारून तळं साफ करायला हेक्टरी दोन-अडीच हजार किलो ती पेंड टाकतात. आमिषात तिला जागा नाही.

तंगूस बारीक ठेव, सहा किलो ताणाची पुरते. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट कर. दोरा सैल सोडला नाहीस तर मासा सुटत नाही, आणि गळ तुझ्या बोटात घुसला तरी सहज निघतो. मोरपिसाच्या काडीचा फ्लोट लाव. त्यासारखं हलकं दुसरं काही नाही. कटला हिसका देत नाही. तो तोंड उघडून ढगासकट गोळा आत ओढतो. त्याच्या तोंडात दात नसतात, ते मागे घशात असतात. म्हणून तो आधी चाचपतो. काडी थरथरेल, किंचित वर उचलली जाईल, आडवी होईल, पुन्हा उभी राहील. तेव्हा हात काठीवर ठेव पण उचलू नकोस. काडी तिरकी होऊन एका बाजूला चालू लागली की मग काठी उचल. हिसका नको, फक्त उचल. त्याचे ओठ मऊ असतात, हिसक्याने फाटतात.

लागल्यावर पहिली धाव त्याची. रिळाचा ड्रॅग आधीच स्प्रिंगच्या काट्याने तपासून दोन किलोवर बसवलेला असू दे, म्हणजे दोरा तुटण्याआधी सुटत राहील. काठी डोक्यावर उभी धरून ओढत बसण्यापेक्षा बाजूला आडवी धर. मासा ज्या दिशेला जातो त्याच्या उलट बाजूला दाब दिलास की त्याचं डोकं वळतं आणि तो लवकर दमतो. काठाशी येऊन तुला पाहिलं की तो पुन्हा एकदा धावतो, हमखास. बहुतेक मोठे मासे त्या क्षणी जातात, कारण माणूस जिंकलो असं धरून दोरा मुठीत पकडतो. हातजाळी आधी पाण्यात बुडवून स्थिर ठेव आणि कुशीवर वळलेला मासा तिच्यावर आण. जाळी घेऊन माशावर झडप घालू नकोस.

जीव सांभाळण्याच्या गोष्टी आता नीट ऐक. 2016 पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि ठिकठिकाणी शेततळी झाली. त्यांतल्या प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यांचा उतार ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही. पोहणारा माणूससुद्धा बाहेर येऊ शकत नाही. तिथे एकट्याने जायचं नाही, आणि पोचल्याबरोबर एक गाठी मारलेला जाड दोर वर झाडाला किंवा खुंटाला बांधून पाण्यापर्यंत सोडायचा. मासा निसटून खाली गेला तर जाऊ दे, त्याच्यामागे उतरायचं नाही. दुसरं, तुझी काठी कार्बनची आहे आणि कार्बनमधून वीज वाहते. तारापूरच्या अणुकेंद्रातून 1969 पासून वीज येतेय. बोईसरच्या आसपास उच्चदाबाच्या तारा कुठे कुठे शेतांवरून गेल्यात ते तू रोज बघतोस. तारेखाली काठी उभारायची नाही, बांधावरून चालतानाही ती आडवी धरायची. विजा चमकायला लागल्या की काठी खाली ठेवून पक्क्या आडोशाला जायचं.

मासा कुठला, हेही बघावं लागतं. औद्योगिक वसाहतीच्या नाल्यांना लागून असलेल्या डबक्यांत आणि खाडीच्या तोंडाशी चिलापी भरपूर मिळते. ती पकडू नकोस आणि कुणी दिली तर घरात आणू नकोस. तारापूरच्या सांडपाण्याने किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचं नुकसान झालं म्हणून अखिल भारतीय मांगेला समाज परिषद 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. ज्यांचं पोट माशावर आहे त्यांनी पाण्याबद्दल सांगितलेलं मी खरं मानतो. पाण्याला औषधासारखा वास असेल, काठाला रंगीत साय दिसत असेल, तर गाडी वळव.

परवानगीशिवाय कुठेच बसू नकोस. गावतळ्याचा ठेका बहुधा ग्रामपंचायतीकडून दिलेला असतो. झांझरोळी, देवखोप, वांद्री ही तर धरणं. अशा जलाशयांत मासेमारीचा हक्क सहकारी संस्थेला ठेक्याने देतात. ज्याने बीज विकत घेऊन सोडलंय त्याला विचार, किलोमागे काय द्यायचं ते आधी ठरव आणि त्याच्यासमोर वजन कर. केळव्याला शीतलादेवीच्या देवळालगतचं कुंड आहे, तिथल्यासारख्या देवाच्या पाण्यात गळ टाकायचा नाही. लहान मासा लागला तर ओल्या हाताने सोडव, तापलेल्या दगडावर किंवा सिमेंटवर ठेवू नकोस, पाण्यातच धरून शेपटी हलवेपर्यंत थांब.

ठेवायचा ठरला तर तिथेच डोक्यावर एक घाव घालून मार, कल्ले कापून रक्त जाऊ दे आणि बर्फात ठेव. उन्हात पिशवीत तडफडलेला मासा घरी आणून कुणाला खायला घालू नये. तळ्यातल्या माशाला, विशेषतः मृगळाला, चिखलाचा वास येतो. तुकडे मीठ, हळद आणि चिंचेच्या कोळात अर्धा तास ठेवून धुतले की पुष्कळसा जातो. कटल्याचं डोकं फेकू नकोस, तुझी काकी त्याचं कालवण करते. रविवारी येशील तेव्हा रीळ आणि स्प्रिंगचा काटा घेऊन ये, ड्रॅग मी बसवून देतो. आणि येताना पेंड आण. कोंडा घरात आहे.