रोल पडतो केवढ्याला?

मामा बोटीवर होता. त्याने आणलेला याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन आमच्या माळ्यावर चामड्याच्या केसमध्ये वीसेक वर्षं पडून होता. मला तो फुकट मिळाला आणि पहिल्याच वर्षात त्या फुकटच्या कॅमेऱ्यावर माझे चोवीस हजारांच्या वर गेले. त्यातले साडेतीन हजार सर्व्हिसिंगचे, दोनशे बॅटरीचे. बाकी सगळे रोलचे.

म्हणून असा रेंजफाइंडर कॅमेरा घ्यायचं मनात असेल तर कॅमेऱ्याचा भाव नंतर विचारा, आधी रोलचा विचारा. ३६ फ्रेमचा साधा रंगीत रोल मला अकराशे-साडेअकराशेला पडतो. धुऊन, स्कॅन करून घ्यायचे साडेपाचशे. म्हणजे रोलमागे सतराशे, क्लिकमागे ४७ रुपये. महिन्याला एक रोल धरला तर वर्षाचे २०,४००. भाव गावागणिक आणि महिन्यागणिक हलतात, पण हिशेबाची रीत हीच. आणि लॅबला बजावून सांगा की निगेटिव्ह परत हवी. नाही सांगितलं तर काही ठिकाणी नुसती स्कॅनची लिंक हातावर ठेवतात.

आता कॅमेरा. जीएसएन १९७३चा. ४५ मिमीची एफ १.७ लेन्स बसवलेलीच असते, बदलता येत नाही. चालू स्थितीतला मी आठ ते बारा हजारांत पाहिला आहे. ‘चेक केलेला नाही’ म्हणून तीन-चार हजारांत मिळतो तो बहुतेक वेळा चेक करूनच तसा ठेवलेला असतो! मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात गेलात तर बॅटरी आणि मोबाईलचा टॉर्च सोबत न्या. रोल पुढे सरकवायचा खटका ओढताना आतून ‘टक’ असा आवाज यायला हवा. आला नाही तर आतला रबराचा बारकासा तुकडा विरघळलाय असं समजा. मग मीटर चक्रमपणा करतो आणि कारागिराला कॅमेरा उघडावा लागतो. बॅटरीच्या खोबणीत हिरवट पूड दिसली तर किमतीतून हजारभर कमी करायला सांगा. मागचं दार उघडून शटर ‘बी’वर धरा, अ‍ॅपर्चर १.७ वर न्या आणि लेन्समधून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कोकणातून, मुंबईतून आलेल्या लेन्समध्ये ती हमखास सापडते. बुरशीवाला कॅमेरा मी तरी घेत नाही, कितीही स्वस्त असो.

दाराच्या कडेचा काळा फोम एव्हाना डांबरासारखा चिकट झालेला असतो. त्याला घाबरू नका, सर्व्हिसिंगमध्ये तो बदलतातच. न बदलता रोल घातलात तर फोटोंवर तांबूस पट्टे उमटतील.

मूळ बॅटरी ५.६ व्होल्टची, पाऱ्याची. ती आता बनत नाही. ६ व्होल्टची ४एलआर४४ बॅटरी शे-दीडशेला मिळते आणि या मॉडेलला तेवढा फरक सोसतो. ती आकाराने लहान आहे, म्हणून मी पुठ्ठ्याची नळी करून तिच्यात घातली आणि उरलेल्या जागेत जुन्या टॉर्चची स्प्रिंग बसवली. तयार अडॅप्टरही मिळतात. बॅटरी मध्येच गेली तरी शटर १/५०० वर चालतं. भर उन्हात ४०० चा रोल असेल तर अ‍ॅपर्चर १६ वर ठेवा, २०० चा असेल तर ११ वर. सूर्य ढगात गेला की केस बंद करून चहा प्या.

चालवायला तो सोपा आहे. खिडकीतून पाहिलं की मधोमध पिवळसर चौकोन दिसतो आणि त्यात एकाच गोष्टीच्या दोन प्रतिमा. लेन्सची कडी फिरवत त्या एकावर एक आणायच्या. आजीच्या चेहऱ्यावर फोकस करायचा तर मी तिच्या चष्म्याची दांडी पकडतो, सरळ रेघ लवकर जुळते. ०.८ मीटरच्या आत मात्र जुळत नाही. अ‍ॅपर्चर आपण ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो. बटण अर्धवट दाबलं की लाल दिवा लागला तर उजेड जास्त, पिवळा लागला तर वेग कमी, हात हलेल. रोल भरल्यावर पहिले दोन क्लिक मारताना डावीकडची गुंडाळायची कळ फिरतेय का बघा. फिरत नसेल तर रोल अडकलेलाच नाही.

एक चूक मी केली ती सांगतो. या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघत नाही आणि मीटरचा डोळाही लेन्सबाहेर, खिडकीशेजारी आहे. त्यामुळे लेन्सवर झाकण राहिलं तरी सगळं लख्ख दिसतं, दिवेही बरोबर लागतात. वाईच्या घाटावर मी ३६ फोटो असे काढले. लॅबमधून कोरी पट्टी परत आली आणि धुण्याचे पैसे अर्थातच घेतले. आता झाकण घरी असतं आणि लेन्सवर ५५ मिमीचा फिल्टर.

खर्च खाली आणायचा तर कृष्णधवल रोल घरी धुवा. टाकी आणि बाटल्यांचा खर्च एकदाच, पुढे रोलमागे रसायन शंभराच्या आसपास पडतं. अंधाऱ्या खोलीची गरज नाही. रोल टाकीत भरण्यापुरती काळी पिशवी पुरते. अडचण येते ती मे महिन्यात. डेव्हलपर २० अंशांवर हवा आणि नळाचं पाणी त्याहून कितीतरी गरम. मी बादलीत बर्फ टाकून बाटली त्यात बुडवतो. घरचे विचारतात पन्हं आहे का.

बॅटरीची कटकट नको असेल तर रशियन झोर्की-४ बघा, त्याला बॅटरीच लागत नाही. फक्त शटरचा वेग रोल पुढे सरकवल्यावरच बदला, आधी बदललात तर यंत्रणा बिघडू शकते. कॅनोनेट क्यूएल१७ जी३ बॅटरीशिवाय सगळ्या वेगांवर चालतो, मीटर हवा असेल तर श्रवणयंत्राचा सेल बसवतात. लायकाचा विषय काढणाऱ्यांनी आधी सतराशेचे बारा रोल संपवून दाखवावेत.