सॉल्व्हर अडतो तिथे थांबा

विद्युत क्षेत्राचं मॉडेल चालवताना ‘कन्व्हर्ज होत नाही’ असा संदेश आला, की बहुतेकांचा हात आधी टॉलरन्सच्या रकान्याकडे जातो. ०.००१ चं ०.०१ होतं, तेही पुरलं नाही तर ०.१. मग सॉल्व्हर गप्प बसतो, पडद्यावर रंगीत चित्र उमटतं आणि अहवाल वेळेत जातो. उच्चदाब केबलची टर्मिनेशन आणि बुशिंग यांच्या मॉडेलांत मी बरीच वर्षं घालवली आहेत. या कामाला नव्याने लागलेल्या मुलामुलींना माझं पहिलं सांगणं असतं की टॉलरन्सला अगदी शेवटपर्यंत हात लावू नका. सॉल्व्हर अडतो, तेव्हा आपण त्याला काहीतरी अपुरं सांगितलेलं असतं, नाहीतर अशक्य. ते काय, हे न शोधता पुढे गेलात तर उत्तर मिळेल, पण ते तुमच्या केबलचं नसेल.

एक प्रसंग सांगतो. ३३ केव्ही टर्मिनेशनचा नवा नमुना होता. बाहेरच्या एका सल्लागाराने केलेलं मॉडेल आणि त्याचा अहवाल तपासायला माझ्याकडे आला. केबलचा बाहेरचा सेमिकंडक्टिंग थर जिथे कापून थांबवतात, त्या कडेपाशी क्षेत्र एकवटतं. ते पसरवायला तिथे स्ट्रेस कंट्रोल ट्यूब बसवतात. अहवालात त्या कडेपाशीचं क्षेत्र इतकं सौम्य दिसत होतं, की ट्यूबची लांबी कमी केली तरी चालेल असा निष्कर्ष काढला होता. त्या लांबीवरून पुढे साचा करायचा होता.

आधी हाताने हिशोब केला. टर्मिनेशनपासून दूर, जिथे केबल नुसती केबल असते, तिथलं उत्तर कागदावर निघतं. आतली त्रिज्या १२ मिमी, इन्सुलेशन ८.८ मिमी म्हणजे बाहेरची त्रिज्या २०.८, आणि फेज ते जमीन दाब १९ केव्ही. दोन त्रिज्यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम ०.५५. त्याला १२ ने गुणून १९ ला भागलं, की आतल्या पृष्ठभागावर २.८८ केव्ही प्रति मिमी येतात. मॉडेलमध्येही तेवढेच होते. इथे समाधान मानून पुष्कळजण सही करतात. पण या भागात दोन्ही बाजूंना दाब ठरलेला असतो आणि मध्ये एकच पदार्थ. तिथलं उत्तर बरोबर येणारच. हवेबद्दल आणि ट्यूबबद्दल ही तपासणी काहीच सांगत नाही.

म्हणून दुसरं केलं : प्रत्येक पदार्थात किती वॉट जळतात, याची बेरीज मॉडेलकडून काढून घेतली. जवळजवळ सगळा व्यय हवेत होत होता. कोरड्या हवेत वॉट जळायचं कारणच नाही! पदार्थांचा तक्ता उघडला तर हवेची कंडक्टिव्हिटी १० चा उणे ६ वा घात सीमेन्स प्रति मीटर दिलेली. हे कसं घडलं असेल, ते या कामातल्या कुणालाही कळेल. ५० हर्ट्झच्या प्रश्नाला स्थिर प्रवाहाचं मॉडेल लावलं होतं. त्यात हवेची कंडक्टिव्हिटी शून्य ठेवली की हवेतल्या बिंदूंची समीकरणंच रिकामी राहतात आणि सॉल्व्हर ‘मेट्रिक्स सिंग्युलर’ म्हणून थांबतो. तो चालावा म्हणून ‘अगदी लहान’ आकडा भरला गेला.

लहान, पण कशाच्या तुलनेत? ५० हर्ट्झला हवेतून जो कपॅसिटिव्ह प्रवाह जातो, त्याच्या हिशोबाने हवेची किंमत २.८ गुणिले १० चा उणे ९ वा घात सीमेन्स प्रति मीटर इतकी भरते. भरलेला आकडा तिच्या सुमारे ३५० पट होता. म्हणजे मॉडेलमधली हवाच वाहक झाली होती आणि ट्यूबचं क्षेत्र पसरवण्याचं काम तीच करत होती. प्रत्यक्षातली हवा ते करणार नाही. मॉडेल ५० हर्ट्झचं करून त्यात कंडक्टिव्हिटी आणि पर्मिटिव्हिटी दोन्ही दिल्या, तेव्हा खोटा आकडा न भरताही ते सुटलं. कडेपाशीचं क्षेत्र वर गेलं, आणि ट्यूब आखूड करण्याचा विषय तिथेच संपला.

तेव्हा मॉडेल उघडण्याआधी पर्मिटिव्हिटीला कंडक्टिव्हिटीने भागून पाहा. येणारा वेळ तुमच्या घटनेच्या वेळेशी ताडा. केबलच्या एक्सएलपीई इन्सुलेशनची कंडक्टिव्हिटी १० चा उणे १५ वा घात धरली तर हा वेळ २०,००० सेकंदांच्या घरात जातो, म्हणजे साडेपाच तास. ५० हर्ट्झचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. एसीमध्ये तिथे पर्मिटिव्हिटीच राज्य करणार. डीसी केबल असेल, तर काही तासांनी कंडक्टिव्हिटी ताबा घेते आणि तिथे स्थिर प्रवाहाचं मॉडेल अगदी योग्य असतं. तांबं मात्र दोन्हीकडे मॉडेलबाहेर काढा. तांब्याची कंडक्टिव्हिटी ५.८ गुणिले १० चा ७ वा घात. ती एक्सएलपीईशेजारी एकाच मेट्रिक्समध्ये बसवलीत, तर दोघांत २२ दशमान पायऱ्यांहून जास्त अंतर पडतं, आणि संगणकाच्या दुहेरी अचूकतेत सार्थ अंक जेमतेम १६. तांब्याच्या पृष्ठभागावर दाब देऊन टाकला की काम झालं.

मॉडेल तरीही अडलं, तर पहिला प्रश्न असा : ते लिनियर आहे का? ट्यूबच्या कंडक्टिव्हिटीची नॉनलिनियर वक्ररेषा काढून घ्या, तिथे एक स्थिर आकडा ठेवा आणि डायरेक्ट सॉल्व्हर लावा. लिनियर प्रश्न एका फटक्यात सुटायला हवा. तो सुटला नाही, तर डॅम्पिंग आणि इटरेशनची संख्या यांच्याशी खेळण्यात अर्थ नाही. दोष बाउंडरी कंडिशनमध्ये किंवा भूमितीत आहे. मॉडेलमध्ये कुठेतरी दाब ठरलेला आहे ना, ते बघा. सगळ्या कडा ‘इन्सुलेटेड’ ठेवल्या असतील, तर उत्तरात कोणताही स्थिर दाब मिळवला तरी तेही उत्तरच ठरतं आणि सॉल्व्हरला निवड करता येत नाही. कुठेही न जोडलेला धातूचा तुकडा, क्लँप किंवा रिंग, असेल तर त्याला ‘फ्लोटिंग’ अशी अट द्या आणि त्यावरचा एकूण विद्युतभार शून्य ठेवा. कॅडमधून आणलेल्या असेंब्लीत दोन भाग दिसायला चिकटलेले असतात, पण त्यांची मेश एकमेकींशी जोडलेली नसते. तसं असेल तर एक भाग अधांतरी राहतो.

भूमितीत मी हटकून झूम करून बघतो ती जागा म्हणजे ट्यूबची ओठासारखी कड, जिथे ती केबलवर टेकते. तिथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची फट राहिलेली असते. मेश तिच्यात सुईसारखे लांबट त्रिकोण भरते आणि सॉल्व्हर तिथेच घुटमळतो. फट आहे की नाही, हे तुम्ही ठरवायचं. जुळणीत तिथे ग्रीस भरणार असतील तर ग्रीस दाखवा. हवा राहणार असेल तर मात्र ती मुळीच बुजवू नका, कारण पार्शल डिस्चार्ज सुरू होतो तो अशाच हवेत.

लिनियर सुटतं आणि नॉनलिनियर अडतं, तेव्हा लॉग वाचा. एरर ०.९, ०.४, ०.३८, ०.४१, ०.३७ अशी जागच्या जागी फिरते आहे आणि डॅम्पिंग फॅक्टर १० च्या उणे ४ थ्या घातापर्यंत घसरला आहे, असं दिसलं तर न्यूटनची पद्धत उत्तरापासून फार दूरून निघाली आहे. तिला जवळ आणा. आधी लिनियर उत्तर काढा, तेच सुरुवातीला द्या आणि दाब पायऱ्यांनी चढवा : १ केव्ही, ५, १०, मग १९. एखाद्या पायरीवरच अडत असेल, तर त्या दाबाला ट्यूबमध्ये किती क्षेत्र आहे ते काढून कंडक्टिव्हिटीच्या वक्ररेषेवर ती जागा शोधा. पुष्कळदा तिथे मोजलेल्या बिंदूंचा तक्ता संपलेला असतो किंवा दोन सरळ रेषा कोन करून भेटलेल्या असतात. रेषा गुळगुळीत करा. घातांकी सूत्र वापरत असाल तर त्याला वरून मर्यादा घाला. मधल्या इटरेशनला क्षेत्र कितीही भलतं येऊ शकतं, आणि घातांक ७१० झाला की आकडा संगणकात मावेनासा होतो. आणखी एक जागा सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. क्षेत्राचं परिमाण वर्गमुळातून येतं आणि शून्यावर वर्गमुळाचा उतार ठरत नाही. वर्गमुळाच्या आत एक सूक्ष्म संख्या मिळवली की ही अडचण जाते.

सॉल्व्हर सुटला म्हणजे मेश पुरेशी आहे, असं नव्हे. २३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेच्या गान्सफियोर्डमध्ये स्लेइप्नर ए या तेलमंचाचा काँक्रीटचा तळ बुडाला, त्याचं विश्लेषण फायनाइट एलिमेंटनेच झालं होतं आणि त्याला उत्तरही मिळालं होतं. जाड मेशमुळे भिंतींमधला शिअर ताण ४७ टक्के कमी धरला गेला. विद्युत क्षेत्रात सापळा उलट बाजूचाही असतो. सेमिकंडक्टिंग थराची कड काटकोनी काढली, तर गणिताप्रमाणे तिथलं क्षेत्र अनंत असतं. मेश निम्मी केली की कमाल आकडा २६ टक्क्यांनी वाढतो, पुन्हा निम्मी केली की पुन्हा २६. थर शून्य जाडीचा दाखवला असेल तर ही वाढ ४१ टक्के. दरवेळी त्याच प्रमाणात वाढणारा आकडा दिसला, की मेश आणखी बारीक करणं थांबवा. कापलेल्या कडेला प्रत्यक्षात जी गोलाई असते ती काढा आणि त्या कमानीवर निदान सात-आठ घटक बसवा. गोलाई माहीत नसेल तर केबल कापणाऱ्या जॉइंटरला विचारा, आणि शक्य असेल तर एक तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. माझ्या मते या सबंध कामातले सगळ्यात सत्कारणी लागलेले तास तेच.

इम्पल्सच्या मॉडेलची अडचण वेगळी. ३३ केव्हीसाठी १७० केव्हीची लाट १.२ मायक्रोसेकंदांत शिखर गाठते आणि ५० मायक्रोसेकंदांत निम्म्यावर येते. सॉल्व्हरने पहिली पायरीच एका मायक्रोसेकंदाची घेतली, तर ती चढण त्याच्या हातून निसटते आणि तो कन्व्हर्जन्सची तक्रार करतो. सुरुवातीची पायरी १० नॅनोसेकंदांची ठेवा, शिखर येईपर्यंत कमाल पायरी ५० नॅनोसेकंदांवर बांधा, आणि शून्य वेळेला सगळीकडे दाब खरोखरच शून्य आहे ना, हे पाहूनच रन सुरू करा.