किनाऱ्यावरचे पहिले हात



गेल्या महिन्यात मच्छीमार नगरमधील एका घरी आशीर्वादासाठी गेलो होतो. चहा पुढे ठेवता ठेवता घरच्या मावशी म्हणाल्या, “फादर, तेल सांडायचे जहाजवाल्यांनी आणि ते काढायला हात काळे करायचे आम्ही? मग सरकार कशाला आहे?” मी तेव्हा काहीतरी उत्तर दिले. परत येताना मात्र वाटले की ते उत्तर अपुरे होते. म्हणून या रविवारच्या पाठासाठी मावशींचाच प्रश्न घेतला आहे.

काय घडले होते?

७ ऑगस्ट २०१०, शनिवारची सकाळ. जवाहरलाल नेहरू बंदरातून बाहेर पडणारे ‘एमएससी चित्रा’ आणि मुंबई बंदराकडे येणारे ‘खलिजिया-३’ ही दोन जहाजे आपल्या बंदराच्या तोंडाशी एकमेकांवर आदळली. चित्रा कलले. त्याच्यावरचे शेकडो कंटेनर पाण्यात पडले. त्यांपैकी काहींत कीटकनाशके होती. जहाजाचे सुमारे ८०० टन इंधन तेल समुद्रात सांडल्याचा अंदाज त्या वेळी देण्यात आला. तरंगत्या कंटेनरांमुळे बंदराची वाहतूक काही दिवस बंद ठेवावी लागली. तेलाचा काळा तवंग पलीकडे उरण-अलिबागच्या किनाऱ्यापर्यंत आणि तिवरांत शिरला.

ते दिवस आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. पावसाळी बंदी संपत आली होती. होड्या डागडुजी करून, जाळी नीट करून कोळीवाडे नव्या हंगामाची वाट पाहत होते. आणि गिऱ्हाइकांनी मासे घेणेच थांबवले! ज्या म्हावऱ्याला तेलाचा थेंबही लागला नव्हता, तेही पाटीत पडून राहिले.

जहाजाचे इंधन तेल डांबरासारखे घट्ट असते. त्यातील हलका भाग उडून जातो. उरलेला भाग लाटांत घुसळून चिकट लगदा होतो आणि जिथे लागेल तिथे घट्ट बसतो. तिवराची मुळे चिखलातून वर डोके काढून श्वास घेतात. त्यांच्यावर हा थर बसला की झाड गुदमरते. त्याच मुळांत कोळंबीची आणि माशांची पिल्ले वाढतात, चिंबोऱ्या आणि निवट्या राहतात. म्हणजे नुकसान आजच्या जाळ्याचे होते, तसेच पुढच्या हंगामांचेही होते.

जवळच्याचे काम कोणते, दूरच्याचे कोणते?

ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीत पूरकतेचे तत्त्व सांगितले आहे. पोप पायस अकरावे यांनी १९३१ साली आपल्या परिपत्रकात ते स्पष्ट शब्दांत मांडले. त्याचा सोपा अर्थ असा: जे काम घर, वस्ती, गाव स्वतः करू शकते ते वरच्या सत्तेने त्यांच्याकडून काढून घेऊ नये; आणि जे त्यांच्या शक्तीबाहेरचे आहे ते करण्यास वरच्या सत्तेने पुढे यावे. या तत्त्वाचे मूळ लॅटिन नाव ज्या शब्दावरून आले, त्याचा अर्थ ‘मदत’ असा आहे. वरच्याने खालच्याला मदत करायची असते. त्याची जागा घ्यायची नसते आणि त्याला वाऱ्यावर सोडायचेही नसते.

हे तत्त्व आपल्या किनाऱ्याला लावून पाहू. समुद्रात काही वेगळे दिसले तर ते पहिल्यांदा कोणाला दिसते? कोळ्याला. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री आपल्या या किनाऱ्यावर रबरी होडीतून अनोळखी माणसे उतरली. त्यांना पहिल्यांदा पाहिले आणि हटकले ते इथल्या कोळ्यांनीच. तेलाचेही तसेच आहे. पाण्याचा रंग, वास, भरती-ओहोटीची दिशा, कोणत्या खाडीत तवंग आधी शिरेल, हे ज्ञान मंत्रालयातील फायलीत सापडत नाही. ते तांडेलाच्या डोक्यात असते. म्हणून मावशींच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे, की आपण पुढे जायचे, कारण आपण सर्वांत जवळ आहोत आणि आपल्याला ठाऊक आहे.

बादली पुरेशी नाही

पण उत्तर इथेच थांबवले तर ते अन्यायाचे होईल. २००२ च्या नोव्हेंबरमध्ये स्पेनच्या गालिसिया किनाऱ्यासमोर ‘प्रेस्टिज’ हे तेलवाहू जहाज फुटून बुडाले. सरकार सुरुवातीला संकट लहान असल्याचे सांगत राहिले. तेव्हा तिथले मच्छीमार स्वतःच्या होड्या घेऊन खाड्यांच्या तोंडाशी गेले आणि मिळेल त्या अवजाराने, वेळप्रसंगी हातांनी, तेलाचे गोळे उचलू लागले. कालवे-शिंपल्यांच्या खाड्या वाचवण्यासाठी त्यांनी जिवाचे रान केले. त्याच वेळी ‘पुन्हा कधीच नाही’ या अर्थाच्या नावाने नागरिकांची चळवळ उभी राहिली आणि जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तिने सोडला नाही. जहाजाच्या कप्तानाला आणि विमा कंपनीला जबाबदार धरणारा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१६ साली लागला.

आपल्या देशात २८ जानेवारी २०१७ रोजी चेन्नईजवळ एन्नोर येथे दोन जहाजांची टक्कर झाली. बंदराच्या पहिल्या निवेदनात पर्यावरणाची हानी झाली नसल्याचे म्हटले होते. मग तेल किनाऱ्याला लागले आणि मच्छीमार, विद्यार्थी, तटरक्षक दलाचे जवान बाद्यांनी लगदा उपसताना साऱ्या देशाने पाहिले. त्या तरुणांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण तेल शोषणारी यंत्रे, तरंगते अडथळे, संरक्षक कपडे पुरवणे हे बंदराचे आणि शासनाचे काम आहे. स्वयंसेवकाची बादली जर त्यांच्या उणिवेवर पांघरूण घालू लागली तर आपली सेवाच अन्यायाला उपयोगी पडते. उदार मनाच्या माणसांनी हा धोका ओळखून असावे.

एका नागरिकाचा अर्ज

मुंबईने या बाबतीत एक चांगले उदाहरण घालून दिले आहे. चित्राच्या अपघाताला वर्ष होते न होते तोच, ४ ऑगस्ट २०११ रोजी, ‘राक कॅरिअर’ हे कोळसा वाहणारे जहाज मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर बुडाले. त्यात सुमारे ६० हजार टन कोळसा होता, शिवाय इंधन तेल. तेल वाहत जुहूच्या किनाऱ्यापर्यंत आले. मुंबईतील पर्यावरण कार्यकर्ते समीर मेहता यांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे अर्ज केला. निकाल यायला ऑगस्ट २०१६ उजाडला. लवादाने जहाज कंपनीला १०० कोटी आणि कोळशाशी संबंधित अदानी एंटरप्रायझेसला ५ कोटी रुपये पर्यावरणाच्या हानीबद्दल भरण्याचा आदेश दिला. ‘प्रदूषण करील तो भरील’ हे तत्त्व एका नागरिकाच्या चिकाटीमुळे कागदावर उमटले.

त्याआधी, फेब्रुवारी २०१५ मध्ये, उरण परिसरातील पारंपरिक मच्छीमारांच्या अर्जावर लवादाच्या पुणे पीठाने १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला होता. तिथे प्रश्न तेलाचा नव्हता, बंदराच्या भरावाचा होता. पण कोळ्याचा समुद्रावरचा हक्क कायद्यापुढे मांडता येतो, हे त्यातून दिसले.

बंधुभगिनींनो, इथे एक गोष्ट मनाला लागते. नुकसान मोजताना नौकेचा परवाना असलेल्याचे नाव सहज सापडते. पण पाटी घेऊन दारोदार फिरणाऱ्या बाईचे काय? रोजावर जाणाऱ्या खलाशाचे काय? त्यांची कमाई रोखीची, नोंद कुठेच नाही. समुद्र बिघडला की त्यांची चूल आधी विझते आणि यादीत नाव शेवटी येते, किंवा येतच नाही. वस्तीने आधीपासून करावे असे सर्वांत मोठे काम हेच आहे.

आपण काय करू शकतो?

१. तवंग किंवा तरंगणारा कंटेनर दिसला तर लगेच तटरक्षक दलाला १५५४ या क्रमांकावर कळवावे. वेळ, जागा, वाऱ्याची दिशा लिहून ठेवावी. तारखेसह छायाचित्र काढावे.

२. उघड्या हातांनी तेल उचलू नये. हातमोजे, बूट, तोंडावर मास्क हवा. लहान मुले व गरोदर स्त्रिया यांनी लांब राहावे. अंगाला लागलेले तेल रॉकेलने धुऊ नये.

३. गोळा केलेला लगदा जाळू नये आणि पालिकेच्या कचऱ्यात टाकू नये. तो घातक कचरा आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवून त्याची विल्हेवाट लावून घ्यावी आणि किती उचलला याची नोंद ठेवावी.

४. प्रत्येक घराने एक वही ठेवावी. किती फेऱ्या झाल्या, किती मासळी आली, किती विकली गेली, हे त्यात लिहावे. विक्री करणाऱ्या भगिनींनीही स्वतःची वही ठेवावी. डिझेलच्या पावत्या, परवाना, सोसायटीची कागदपत्रे एकत्र ठेवावीत.

५. हरित लवादाकडे भरपाईचा अर्ज घटनेपासून ५ वर्षांच्या आत करावा लागतो. पर्यावरणाच्या इतर वादांसाठी मुदत अवघी ६ महिन्यांची आहे. म्हणून वाट पाहत बसू नये.

वही ठेवण्यासाठी शाळा-कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी आजी-मावशींना मदत केली तर तीही मोठी सेवा होईल. रोज पाच मिनिटांचे काम आहे.

तर मावशींना आता माझे उत्तर असे राहील: आपण हात लावायचा, कारण समुद्र आपला आहे. पण दुसऱ्या हातात वही धरायची, कारण सांडलेल्याचा हिशेब सांडणाऱ्याने द्यायचा आहे. आणि सरकारला विचारायचे, “आम्ही आमचे केले, तुमचे कुठे आहे?”

समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. २०१० च्या ऑगस्टमध्ये आपल्या घराचे काय नुकसान झाले? त्याची कुठे नोंद आहे का?

२. आपल्या गल्लीत नौका नसलेली, पण समुद्रावर जगणारी कुटुंबे किती आहेत? त्यांची यादी कोण करील?

३. उद्या तवंग आला तर पहिला फोन कोण करील आणि वस्तीला कोण सावध करील? आजच दोन नावे ठरवा.