परदेशातील आंतरवासिता : विद्यार्थ्याची पूर्वतयारी आणि विम्याचे कवच

१८८३ च्या एप्रिल महिन्यात आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्यांच्या वयास नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झाली होती. न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंशी त्यांचा पत्रव्यवहार बराच आधी सुरू झालेला होता. परक्या मुलखात पाऊल ठेवताच आपले म्हणता येईल असे एक घर त्यांना मिळाले, ते या पत्रव्यवहारामुळेच. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी १८८६ मध्ये संपादन केली. परंतु क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. या चरित्रातील जिद्दीचा भाग शाळाशाळांतून सांगितला जातो, व ते योग्यच आहे. परदेशी गेलेला विद्यार्थी आजारी पडला तर त्याची जबाबदारी कोणी घ्यावयाची, हा त्याच चरित्रातून उभा राहणारा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही.

आज हा प्रश्न एका असामान्य व्यक्तीपुरता उरलेला नाही. अभियांत्रिकी, हॉटेल व्यवस्थापन, कृषी, औषधनिर्माणशास्त्र अशा शाखांचे विद्यार्थी जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावांतूनही दोन-तीन महिन्यांपासून वर्षभरापर्यंतच्या आंतरवासितेसाठी परदेशी जातात. आंतरवासिता, म्हणजेच इंटर्नशिप, हा शब्द आपल्याकडे वैद्यकीय शिक्षणामुळे रूढ झाला. जुन्या पिढीला 'उमेदवारी' हा शब्द अधिक जवळचा वाटेल. उमेदवारी करणारा विद्यार्थी महाविद्यालयाच्या लेखी विद्यार्थी असतो, यंत्रापुढे उभा राहिला की कामगार असतो आणि त्या देशाच्या कायद्याच्या लेखी परकीय नागरिक असतो. अपघात घडल्यास या तिहींपैकी कोणत्या नात्याने त्याचा विचार व्हावयाचा, यावर उपचारांचा खर्च आणि नुकसानभरपाई अवलंबून राहते. पालकांना सामान्यतः यांपैकी पहिलेच नाते ठाऊक असते.

विमापत्र हाती असणे आणि संरक्षण असणे

उदाहरणादाखल असा एक विद्यार्थी घेऊ. सांगली जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातील हा मुलगा यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकत असून, जर्मनीतील स्टुटगार्ट येथील एका कारखान्यात ऐंशी दिवस प्रशिक्षण घेण्यास त्याला बोलावणे आले आहे. मुंबई आणि स्टुटगार्ट या शहरांचे भगिनी-शहर म्हणून संबंध १९६८ पासूनचे आहेत; तेव्हा हे गाव मराठी माणसास अगदीच अनोळखी नाही.

नव्वद दिवसांपर्यंतच्या वास्तव्यासाठी शेंगेन व्हिसा मागावयाचा, तर अर्जासोबत प्रवासी वैद्यकीय विम्याचे प्रमाणपत्र जोडावे लागते. युरोपीय संघाच्या २००९ च्या व्हिसा संहितेनुसार हे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे असावे, शेंगेन करारातील सर्व देशांत ते लागू असावे आणि तातडीचे उपचार, रुग्णालयातील दाखला, आजारी अवस्थेत मायदेशी परत आणणे व मृत्यू झाल्यास पार्थिव पाठविणे यांचा खर्च त्यात समाविष्ट असावा, अशी अट आहे. विद्यार्थी दलालाकडून किंवा संगणकावरून स्वस्तातील स्वस्त विमापत्र घेतो, व्हिसा मिळतो आणि विम्याचा विषय संपला असे घरातील सर्वजण समजतात.

वस्तुतः येथे विषयाला आरंभ होतो. वकिलातीने मागितलेले विमापत्र हे त्या देशाच्या तिजोरीवर परक्या रुग्णाचा बोजा पडू नये म्हणून मागितलेले असते. विद्यार्थ्याच्या सर्व गरजा त्यात भागतात की नाही, हे पाहणे वकिलातीचे काम नव्हे. पर्यटकांसाठी काढलेल्या अनेक विमापत्रांत शारीरिक श्रमाचे किंवा यंत्रावरील काम करताना झालेली इजा वगळलेली असते. पूर्वीपासून असलेला आजार, मद्यप्राशनाच्या अवस्थेत झालेला अपघात, साहसी खेळ आणि मानसिक आजार हेही अपवादांच्या यादीत वारंवार आढळतात. दाव्यातील पहिली ठराविक रक्कम विमेदाराने स्वतः सोसावयाची, अशीही अट असते. ही यादी बारीक टाइपात आणि इंग्रजीत असते, म्हणून ती वाचली जात नाही. महाविद्यालयातील एखाद्या प्राध्यापकाने विद्यार्थ्याला समोर बसवून ती मोठ्याने वाचून घेतली, तरी अर्धे काम झाले असे समजण्यास हरकत नाही.

कारखान्यातील इजेचे काय, याचे उत्तर जर्मनीपुरते समाधानकारक आहे. त्या देशात कामावरील अपघातांचा सक्तीचा विमा १८८४ च्या कायद्याने सुरू झाला. आस्थापनेत काम करणारा आंतरवासीही या व्यवस्थेत येतो, तिचा हप्ता संपूर्णपणे मालकाने भरावयाचा असतो आणि राहत्या जागेपासून कामावर जाण्या-येण्याच्या वाटेवरील अपघातही तीत धरला जातो. मात्र हे संरक्षण लाभण्यासाठी विद्यार्थी तेथे रीतसर आंतरवासी म्हणून असावयास हवा. अभ्यासक्रमाशी निगडित अशा प्रशिक्षणासाठी परदेशी विद्यार्थ्याला बोलावताना जर्मनीच्या संघीय रोजगार संस्थेची संमती लागते. ती आली काय, हा प्रश्न तिकीट काढण्यापूर्वी यजमान कारखान्याला लेखी विचारावा. लेखी करार, प्रशिक्षणाचा विषय, कामाचे तास, विद्यावेतन, मार्गदर्शकाचे नाव आणि अपघात विम्याची व्यवस्था यांविषयीचे उत्तर पत्राने मागविण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. चांगली आस्थापना असे प्रश्न विचारणाऱ्या महाविद्यालयाला अधिक मान देते.

आणखी एक विमा आपल्याकडे जवळजवळ अपरिचित आहे, तो म्हणजे दायित्व विमा. आपल्या हातून दुसऱ्याच्या वस्तूचे किंवा शरीराचे नुकसान झाल्यास त्याची भरपाई करण्याची जबाबदारी जर्मन दिवाणी कायदा नुकसान करणाऱ्यावर टाकतो. भाड्याच्या खोलीतील नळ उघडा राहून खालच्या मजल्यावर पाणी गळाले, सायकलीने कोणास धक्का लागला, तर हिशेब विद्यार्थ्याच्या नावे लागतो. यासाठी तेथील सामान्य कुटुंबेही स्वतंत्र विमा बाळगतात. ऐंशी दिवसांकरिता त्याचा हप्ता काही मोठा नसतो; तो घ्यावयाचा असतो हे कोणी सांगितलेले नसते, इतकेच.

अमेरिकेतील नियम

अमेरिकेत आंतरवासितेसाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याला बहुधा 'जे-१' या वर्गाचा व्हिसा घ्यावा लागतो. या व्यवस्थेत विद्यार्थी आणि यजमान आस्थापना यांच्यामध्ये एक मान्यताप्राप्त पुरस्कर्ती संस्था उभी असते व विद्यार्थ्याच्या कल्याणाविषयी ती तेथील शासनाला जबाबदार असते. विम्याच्या किमान मर्यादा नियमांतच घालून दिल्या आहेत : प्रत्येक आजारास किंवा अपघातास १,००,००० डॉलर, वैद्यकीय कारणास्तव हलविण्यासाठी ५०,००० डॉलर, पार्थिव मायदेशी पाठविण्यासाठी २५,००० डॉलर, विमेदाराने स्वतः सोसावयाची रक्कम एका प्रसंगी ५०० डॉलरपेक्षा अधिक नसावी. हेतुपुरस्सर विमा बंद ठेवणाऱ्याचा कार्यक्रम रद्द होतो.

विम्याइतकेच महत्त्वाचे असे दुसरे कलम कामाच्या स्वरूपाविषयी आहे. प्रशिक्षणाचा आराखडा विहित नमुन्यात लिहून त्यावर विद्यार्थी, यजमान आस्थापना व पुरस्कर्ती संस्था या तिघांच्या सह्या व्हाव्या लागतात. कारकुनी कामाचे प्रमाण २० टक्क्यांहून अधिक असू नये, आंतरवासीला अकुशल मजुरीस जुंपू नये, मुले सांभाळणे, वृद्धांची शुश्रूषा किंवा प्रत्यक्ष रुग्णसेवा अशी कामे देऊ नयेत, असे नियम सांगतात. हॉटेल व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला सहा महिने केवळ भांडी घासण्यास लावले, तर ती त्याची गैरसोय नसून नियमभंग ठरतो, आणि पुरस्कर्त्या संस्थेकडे तशी तक्रार करण्याचा त्याला अधिकार आहे. सही केलेल्या आराखड्याची प्रत त्याच्याजवळ असेल, तरच हा अधिकार त्याला वापरता येईल.

कायद्यातील एक पोकळी

भारताबाहेर नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या रक्षणार्थ १९८३ चा एमिग्रेशन अधिनियम आहे. त्यानुसार परदेशी नोकरीसाठी माणसे पाठविणाऱ्या दलालाने केंद्र शासनाकडे नोंदणी करावी लागते. दहावी उत्तीर्ण नसलेली व्यक्ती आखाती व अन्य काही अधिसूचित देशांत कामासाठी जाते, तेव्हा तिला परवानगीची तपासणी सक्तीची असते आणि तिचा प्रवासी भारतीय बीमा योजनेखाली विमाही उतरविला जातो. अपघाती मृत्यू अथवा कायमचे अपंगत्व यासाठी या योजनेत १० लाख रुपयांचे संरक्षण असून, दोन वर्षांसाठी मूळ हप्ता अवघा २७५ रुपये ठरविण्यात आला. दहावी उत्तीर्ण झालेल्याच्या पारपत्राला ही तपासणी लागत नाही. परिणामी अशिक्षित गवंड्याचा विमा शासन आग्रहाने उतरविते, आणि पदवीच्या वर्गातील विद्यार्थी मात्र कोणाच्याही नजरेस न पडता विमानात बसतो. शिक्षित माणूस आपले हित स्वतः पाहील, असे कायद्याने गृहीत धरले आहे.

हे गृहीत किती महाग पडू शकते, याचा अनुभव अलीकडचाच आहे. थायलंडमध्ये संगणकीय विपणनाच्या नोकऱ्या मिळतील, या आमिषाने सुशिक्षित तरुणांना नेऊन सीमेपलीकडे म्यानमारमध्ये अडकवून ठेवण्यात येते व सायबर फसवणुकीची कामे त्यांच्याकडून करवून घेण्यात येतात, असा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिला. मार्च २०२५ मध्ये अशा पाचशेहून अधिक भारतीयांना वायुसेनेच्या विमानांनी परत आणावे लागले.

ग्रामपंचायतीचा संबंध येतो तो येथे. शेत गहाण टाकून पैसे उभे करण्यापूर्वी पालक पुष्कळदा सरपंचांचा किंवा शाळेच्या गुरुजींचा सल्ला घेतात. अशा वेळी तीन साध्या गोष्टी पाहता येतात. दलालाचा नोंदणी क्रमांक केंद्र शासनाच्या 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावर आढळतो काय? नोकरीसाठी पाठविणाऱ्या नोंदणीकृत दलालाने घ्यावयाच्या सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये व त्यावरील कर इतकी असताना त्याची मागणी किती आहे? आणि व्हिसा कोणत्या प्रकारचा आहे? 'आता भेटीच्या व्हिसावर जा, तेथे गेल्यावर बदलून देऊ' हे वाक्य कानी पडताच व्यवहार थांबवावा. संयुक्त अरब अमिरातीत भेटीच्या व्हिसावर काम करणे बेकायदेशीर आहे, आणि बेकायदेशीर कामावर झालेल्या अपघाताचा दावा विमा कंपनीकडे मांडणे किती अवघड, हे निराळे सांगावयास नको.

निघण्यापूर्वीचा महिना

महाविद्यालयांत निरोप-समारंभ होतात, हारतुरे होतात. त्याऐवजी दोन तासांचा एक सराववर्ग घेतल्यास अधिक उपयोग होईल. विमा कंपनीच्या साहाय्य केंद्रास दूरध्वनी करून विमापत्राचा क्रमांक, आपले ठिकाण आणि दुखणे इंग्रजीत सांगण्याचा प्रत्यक्ष सराव विद्यार्थ्याकडून करून घ्यावा. कारण रुग्णालयात दाखल होण्यापूर्वी किंवा झाल्यानंतर लगेच ही सूचना न दिल्याने दावे अडकतात. गावात मोकळेपणी बोलणारा मुलगा परक्या भाषेत वेदना सांगताना गप्प होतो.

प्रस्तावपत्रात दमा, मधुमेह, अपस्मार यांसारखा आजार लपवू नये. लग्नाच्या बाजारात लपविण्याची सवय असलेली कुटुंबे येथेही तेच करतात, आणि पुढे दावा नाकारला जातो. नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मूळ वेष्टनात न्यावीत. खोकल्याच्या काही औषधांतील कोडीनवर अमिरातीत निर्बंध आहेत. पीतज्वराचा प्रादुर्भाव असलेल्या आफ्रिकी देशात जावयाचे असल्यास लस किमान दहा दिवस आधी टोचून घ्यावी लागते. पारपत्र, व्हिसा, करार आणि विमापत्र यांच्या प्रती घरी, महाविद्यालयात व विद्यार्थ्याच्या सामानात अशा तीन ठिकाणी असाव्यात. मूळ पारपत्र यजमानाच्या कपाटात ठेवण्यास देऊ नये. विद्यार्थिनींच्या बाबतीत राहण्याच्या जागेचा पत्ता व रात्रपाळीनंतरच्या वाहनाची सोय आधी लेखी ठरवून घ्यावी.

मनाच्या दुखण्याविषयी आपल्याकडे बोलले जात नाही. हिवाळ्यात चार वाजता अंधारणारे दिवस, एकट्याचे जेवण आणि घरी कर्ज, या अवस्थेत विद्यार्थी फोनवर 'सगळे ठीक आहे' एवढेच सांगतो. आठवड्यातून एकदा त्याच्याशी बोलणारा, घरचा नसलेला असा एक प्राध्यापक नेमून दिलेला असावा.

त्या देशात पोचल्यावर भारतीय दूतावासाकडे नाव नोंदवावे. अटक झाल्यास आपल्या दूतावासास कळविण्याची मागणी करण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना कराराने दिलेला आहे. तक्रारीसाठी परराष्ट्र मंत्रालयाची 'मदद' ही व्यवस्था २०१५ पासून आहे. २००९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून निराधार झालेल्यांना उपचार, निवारा व परतीचे तिकीट यांसाठी दूतावास साहाय्य करतात; पण ते अडचणीत सापडलेल्यांपैकी पात्र व्यक्तींसाठी असून विम्याची जागा घेऊ शकत नाही.

विद्यार्थी परतल्यावर रुग्णालयाच्या पावत्या, डॉक्टरांचे अहवाल आणि अपघाताची नोंद यांच्या मूळ प्रती त्याने आणल्या आहेत ना, हे प्रथम पाहावे. त्यानंतर त्याला प्रत्यक्षात कोणते काम मिळाले, आराखड्याप्रमाणे मिळाले काय, विद्यावेतन वेळेवर हाती आले काय, हे महाविद्यालयाने एका नोंदवहीत लिहून ठेवावे. पुढील वर्षी त्याच आस्थापनेकडे विद्यार्थी पाठवावयाचा की नाही, याचा निर्णय त्या नोंदीवरून घेता येतो.