जस्ताच्या मुलाम्यावरील क्रोमेटचा लेप : दोष व उपाय

मक्याच्या पेरणीपूर्वीं सिल्लोडकडील शेतकरी पेरणीयंत्र बाहेर काढतो, तों नव्या नटबोल्टांवर पांढरी भुकटी आढळते. जस्तच खोटें, असा त्याचा समज होतो. पुष्कळदां जस्त उत्तम असून वरचा पिवळा क्रोमेटचा लेप तेवढा बिघडलेला असतो. ही भुकटी जस्ताचा गंज होय. जस्त संपलें म्हणजे मग लोखंडाचा तांबडा गंज येतो.

मुलामा दिलेला भाग क्रोमेटच्या आम्लयुक्त द्रावणांत कांहीं सेकंद बुडविला म्हणजे लेप बसतो. आधीं तो नीट धुतला नसल्यास डाग पडतात. यासाठीं शेंकडा अर्धा भाग नत्राम्लाच्या पाण्यांत क्षणभर बुडवून घ्यावा. लेप बोटानें पुसून येत असल्यास भाग द्रावणांत फार वेळ राहिला, किंवा द्रावणांत आम्ल अधिक झालें, असें समजावें. परंतु खरा घात वाळवितांना होतो. घाईनें ६० अंश सेंटिग्रेडपलीकडे तापविलेला पिवळा लेप तडकतो आणि रंग शाबूत दिसला तरी रक्षण करीत नाहीं. ताजा लेप मऊ असतो; एक दिवस घासूं नये. पुढें असे भाग खताच्या पोत्यांपासून दूर ठेवावे.

हें पिवळें द्रावण गांवांत घरगुती रीतीनें करण्याच्या भरीस कोणीं पडूं नये. त्यांतील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. त्याचें धुवण ओढ्यांत वा विहिरीजवळ गेल्यास पाणी नासतें. युरोपीय संघानें विजेच्या उपकरणांत त्यावर १ जुलै २००६ पासून निर्बंध घातला. त्रिसंयुजी क्रोमचा लेप पुष्कळच कमी धोक्याचा असून उष्णताही अधिक सोसतो. कारखानदाराकडे तोच मागावा.