एका खरेदीचा ताळेबंद : टॅबलेट की घरचा पडदा?

गेल्या दिवाळीपूर्वी अमेरिकेत राहणाऱ्या मावसभावाचा फोन आला. "दादा, काकांसाठी एक टॅबलेट आणतो. हातात घेतला तर टॅबलेट, डॉकवर ठेवला की तोच घरातला पडदा. नुसते बोलून फोन लागतो, दिवे लागतात. एका पैशात दोन कामे!" बँकेत बारा वर्षे काढलेल्या माणसाच्या कानावर 'एका पैशात दोन' असे शब्द पडले, की तो आनंदित होण्याआधी सावध होतो. मी चार दिवसांची मुदत मागून घेतली.

आमची गरज मात्र खरी होती. माझी नेमणूक भोपाळला, आईबाबा सांगलीला. बाबांना पंचाहत्तरावे वर्ष चालू आहे, दृष्टी अधू झाली आहे. व्हिडिओ कॉल आला, की त्यांचे बोट हिरव्या खुणेऐवजी लाल खुणेवर पडते आणि वर "तू फोन का ठेवलास?" अशी तक्रार आमच्याकडेच येते. त्यावर हसून घेत होतो. परंतु ऑगस्टमध्ये सलग चार दिवस त्यांची रक्तदाबाची गोळी राहिली आणि ही गोष्ट चक्कर आल्यावर शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेले तेव्हा उघडकीस आली. म्हणून बोटांना काम न देता आमचे चेहरे दाखवील आणि सकाळी आठ व रात्री नऊ वाजता गोळीची आठवण करील, असे काहीतरी त्यांच्या खोलीत हवे होते.

अशा दुहेरी उपकरणांची कल्पना काही कालची नव्हे. अॅमेझॉनने २०१८ साली आपल्या फायर टॅबलेटसाठी, त्यांना घरच्या पडद्याचे रूप देणारा डॉक काढला. २०१९ मध्ये लेनोव्होने स्वतःच्याच पायावर उभा राहणारा योगा स्मार्ट टॅब आणला. मावसभाऊ सांगत होता तो गूगलचा पिक्सेल टॅबलेट जून २०२३ मध्ये बाजारात आला. जवळजवळ ११ इंचांचा पडदा, सोबत चुंबकाने चिकटणारा आणि स्पीकर असलेला डॉक, दोन्ही मिळून किंमत ४९९ डॉलर. म्हणजे त्यावेळच्या दराने सुमारे ४१ हजार रुपये. भारतात कंपनीने तो अधिकृतपणे विक्रीस आणला नाही. तेव्हा हमी आणि दुरुस्ती हे दोन्ही प्रश्न आपल्या पदरी.

त्यानंतर जे घडले ते वाणिज्य शाखेच्या कोणाही विद्यार्थ्याचे लक्ष वेधील. मे २०२४ मध्ये कंपनीने हाच टॅबलेट डॉकशिवाय ३९९ डॉलरना विकायला काढला. संचातील डॉक ग्राहकाला १०० डॉलरना पडत होता, तर सुटा घेतल्यास १२९ डॉलरना. ज्या जोडीच्या बळावर वस्तू विकायची, ती जोडी वर्षभरातच फोडावी लागली, यावरून पुष्कळ ग्राहकांना टॅबलेट हवा होता, बैठक नको होती, असा तर्क मी केला. तो चूकही असेल. म्हणून म्हटले, आपल्याच घरी प्रयोग करून पाहावा.

भोपाळच्या घरी एक जुना टॅबलेट होता. तो दीडशे रुपयांच्या स्टँडवर दिवाणखान्यात उभा केला, घड्याळ आणि छायाचित्रे दाखविणारा स्क्रीनसेव्हर चालू केला आणि दोन आठवडे वहीत नोंद ठेवली. सकाळी टॅबलेट जागेवर असे. दुपारी, घरात कोणी नसताना, तो अगदी निष्ठेने जागेवर असे. परंतु संध्याकाळी सात ते नऊ, म्हणजे ज्या वेळी सांगलीहून फोन येतो, स्वयंपाकघरातून कोणी वेळ विचारते, दारावरची घंटा वाजते, नेमक्या त्याच वेळी स्टँड रिकामे. टॅबलेट कन्येच्या मांडीवर, तिच्या खोलीत. चौदापैकी अकरा संध्याकाळी हेच. त्यात तिचा दोष नाही. टॅबलेट उचलून नेण्यासाठीच असतो.

या साऱ्या प्रश्नाची मेख मला त्या वहीत सापडली. टॅबलेट ही एका व्यक्तीची आणि फिरती वस्तू आहे. घरचा पडदा ही सर्वांची आणि स्थावर वस्तू आहे. भिंतीवरचे घड्याळ कोणी खिशात घालून नेले, तर त्याला घड्याळ म्हणता येईल, भिंतीवरचे म्हणता येणार नाही. त्यातून पिक्सेलचा डॉक हा स्वतंत्र स्पीकरही नव्हे. टॅबलेट त्यावर टेकलेला असेल तेव्हाच त्यातून आवाज येतो. टॅबलेट गेला, की मागे उरते ती एक देखणी बैठक.

दुहेरी उपकरणाच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. त्यात बॅटरी असते. सांगलीत वीज गेली तर वायरवर चालणारा पडदा तत्क्षणी अंधारतो, टॅबलेट चालू राहतो. अर्थात वाय-फायचा राउटरही त्याच विजेवर असल्याने, राउटरला छोटा यूपीएस नसेल तर या चालू राहण्याचा उपयोग छायाचित्रे पाहण्यापुरताच. शिवाय बॅटरी सदैव पूर्ण भरलेली राहिली तर तिचे आयुष्य घटते. पिक्सेल टॅबलेट डॉकवर असताना ९० टक्क्यांवरच थांबतो तो यासाठीच. साध्या स्टँडवर चार्जर अखंड लावून ठेवणाऱ्यांनी आपल्या टॅबलेटमध्ये अशी मर्यादा घालता येते का, हे अवश्य पाहावे.

आता थोडे आपल्या खात्यांविषयी. दिवाणखान्यातील पडदा पाहुणे, मोलकरीण, शिकवणीला येणारी मुले असे सर्वच पाहतात. फोनवरचे लघुसंदेश टॅबलेटवरही दाखविण्याची सोय आपण कधीतरी चालू केलेली असेल, तर आपला ओटीपी त्या पडद्यावर झळकू शकतो. सबब सामायिक उपकरणावर लघुसंदेश जोडू नयेत, सूचनांचा मजकूर लपविलेला असावा आणि ब्राउझरमध्ये नेटबँकिंगचा पासवर्ड साठवू नये. यूपीआयची नोंदणी त्याच उपकरणातील सिमवरून होत असल्याने, सिम नसलेला टॅबलेट त्या कामी येत नाही. बाबांच्या बाबतीत मला ही उणीव न वाटता सोयच वाटली.

किमतीचा विचार करताना आणखी दोन गोष्टी. आयकराच्या नियमांत संगणकावर घटत्या मूल्याने ४० टक्के घसारा धरला जात आला आहे. तोच दर लावला तर ४१ हजारांची वस्तू तीन वर्षांनी ९ हजारांच्या आत येते. पिक्सेल टॅबलेटला सुरक्षेची अद्ययावते जून २०२८ पर्यंत मिळतील, असे कंपनीने सांगितले आहे. ही मुदत वस्तू बाजारात आल्यापासून मोजली आहे, आपण ती विकत घेतल्यापासून नव्हे. निम्मी मुदत सरलेली ठेव-पावती पूर्ण व्याजाच्या आशेने घेण्यासारखाच हा प्रकार. दुसरे म्हणजे 'बिनव्याजी' हप्ते. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. क्रेडिट कार्डाच्या अशा हप्त्यांत व्याजाइतकी सूट देऊन ते झाकले जाते. मात्र त्या व्याजावरील १८ टक्के जीएसटी आणि कुठे कुठे प्रक्रिया शुल्क ग्राहकाकडून जातेच. विवरणपत्र उघडून पाहावे.

ज्यांच्या घरी टॅबलेट घ्यायचाच आहे, माणसे दोन-तीनच आहेत आणि तो रात्री ठरल्या जागी परत ठेवण्याची शिस्त आहे, त्यांना दुहेरी उपकरण फायद्याचे ठरेल, असे माझे मत झाले आहे. आमचे घर त्यांतले नव्हे. मावसभावाला मी नको म्हणून कळविले. सांगलीला टॅबलेटच्या किमतीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात आठ इंचांचा एक साधा, वायरने भिंतीशी बांधलेला पडदा घेतला. अलेक्साला २०१९ पासून हिंदी समजते, आणि बाबांची हिंदी सैन्यातील नोकरीमुळे खणखणीत आहे. परवानगी दिलेल्या माणसाचा कॉल न उचलताच जोडला जाण्याची सोयही त्यात आहे. ती मात्र आईला विचारूनच चालू केली, कारण ती बाहेरून घरात उघडणारी खिडकीच आहे.

पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी पडदा काळाकुट्ट. आवाज येई, चेहरे दिसत नसत. तासभर भोपाळहून नाना उपाय सांगून झाले. अखेर शेजारच्या मुलाने येऊन पाहिले. धूळ पुसताना बाबांच्या अंगठ्याने कॅमेऱ्यावरचे झाकण सरकले होते. आईला ते झाकण भलतेच आवडले. आता दुपारी विश्रांतीच्या वेळी ती ते स्वतः बंद करते आणि चार वाजता चहा ठेवला, की उघडते. वहीत मी नोंद ठेवतोच आहे : नोव्हेंबरपासून रात्रीची गोळी दोनदा चुकली, दोन्ही वेळा वीज नव्हती. राउटर आणि पडदा दोन्ही पेलेल असा यूपीएस या महिन्यात घ्यायचा आहे.